कॅलिफोर्नियात आमच्या वस्तीचा वॉटर डिस्ट्रिक्ट (पाणी पुरवणारी स्थानिक सरकारी संस्था) बरखास्त करून काउंटीकडे, म्हणजे जिल्हा प्रशासनाकडे, द्यायचं घाटतंय. शेजारी विरोधाच्या पत्रावर सह्या गोळा करतायत. करावी का सही?

सहीचं नंतर बघा, आधी डिस्ट्रिक्टचे गेल्या पाच वर्षांचे ऑडिट मागून घ्या. अशाच एका डिस्ट्रिक्टच्या बोर्डावर मी सहा वर्षं फुकट राबलोय, म्हणून बोलतोय.

आमची २१२ घरं, एक बोअर, जुनी पाइपलाइन. पाणीपट्टी महिना ४८ डॉलर, आणि मी खजिनदार. पंप कधीही बसेल हे दिसत होतं, म्हणून मी ७१ डॉलरचा ठराव आणला. प्रॉप २१८, म्हणजे दरवाढीआधी घरमालकांना विरोधाची संधी देणारा राज्याचा कायदा, तुम्हाला माहीत असेलच: घरोघर नोटीस, ४५ दिवस, मग सुनावणी, आणि निम्म्याहून जास्त घरांचा लेखी विरोध आला की दरवाढ बाद. फायर स्टेशनच्या हॉलमध्ये सेक्रेटरीबाई पाकिटं फोडून टेबलावर दहा-दहाचे गठ्ठे लावत होत्या. दहा गठ्ठे झाले आणि वर सात पत्रं. १०७. एक जरी कमी असतं तरी ठराव पास होता. त्या सातांतल्या एकावरचं अक्षर ओळखीचं वाटलं. आमच्या हिचं! घर दोघांच्या नावावर. घरामागे एक विरोध धरतात आणि तो कुठल्याही एका मालकाचा चालतो.

ऑगस्टात पंप जळाला. अठरा दिवस टँकर, दारावर 'पाणी उकळून प्या'ची नोटीस, आणि गंगाजळीत पंपाच्या निम्मेसुद्धा पैसे नाहीत. शेवटी बोर्डानेच बरखास्तीचा अर्ज केला. आता काउंटीचं बिल ९६ डॉलर येतं आणि लोक म्हणतात, बोर्डाने डिस्ट्रिक्ट बुडवला. मुळात बुडवला तो तेवीस डॉलर वाचवणाऱ्यांनी.

तुमच्या सहीबद्दल: साधारण २५ टक्के मतदारांनी विरोध नोंदवला तर मतदान घ्यावं लागतं, निम्म्याहून जास्त झाले तर प्रस्तावच बारगळतो. पण काउंटी आली म्हणून जुनं कर्ज माफ होत नाही, ते त्याच हद्दीतल्या लोकांच्या मानगुटीवर राहतं. शिवाय काउंटी योजना स्वतःकडेच ठेवेल असंही नाही. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनकडचा सतीवा वॉटर डिस्ट्रिक्ट घ्या. १९३८ चा, साधारण १,६०० जोडण्या. २०१८ मध्ये नळाला मँगनीजचं तपकिरी पाणी आलं, तेव्हा राज्याने खास कायदा करून बोर्डाला घरी बसवलं. २०१९ मध्ये डिस्ट्रिक्ट बरखास्त झाला, काउंटीने काही वर्षं चालवला आणि मग खाजगी कंपनीला विकला. तेव्हा सुनावणीत उभं राहून विचारा, विकणार का आणि कोणाला.

आणि हो, आमचं बोर्डही काही धुतल्या तांदळाचं नव्हतं. सल्लागाराच्या अहवालावर जेवढे घातले तेवढ्यात एक मोटर आली असती. ही तेच म्हणते. पण ते भांडण बोर्डाच्या मीटिंगला येऊन करायचं होतं, पाकिटातून नव्हे. यावर तिचं एकच ठरलेलं: बाकीच्या १०६ जणांना का नाही जाब विचारत? ते माझ्या घरात राहत नाहीत, म्हणून.