‘क्लिक’ नाम की क्रियापद?

प्रश्न : ‘द डोअर शट विथ अ क्लिक’ आणि ‘द डोअर क्लिक्ट शट’ यांतलं बरोबर कोणतं?

उत्तर : दोन्ही. मराठीत ‘खडखडाट’ नाम आणि ‘खडखडणे’ क्रियापद हे प्रत्ययावरूनच कळतं. इंग्रजीत आवाजाचा शब्द नाम आणि क्रियापद दोन्हींसाठी तोच राहतो, म्हणून शेजारचे शब्द पाहायचे. आधी ‘अ’ किंवा ‘द’ असेल तर नाम. कर्त्यानंतर येऊन काळाचा प्रत्यय घेत असेल तर क्रियापद. आपल्याकडून नेमका तो ‘अ’ गळतो : ‘विथ थड’ (थड म्हणजे धप्प असा आवाज) चूक, ‘विथ अ थड’ बरोबर.

भूतकाळाचा उच्चार शेवटच्या ध्वनीवर ठरतो : क्लिक-क्लिक्ट, हम (गुणगुणणे)-हम्ड, थड-थडिड. लिहिताना ‘हम’मधला एम आणि ‘थड’मधला डी दुहेरी होतो, ‘क्लिक’मध्ये काहीच दुहेरी होत नाही. ‘बझ’ (गुणगुण, भुणभुण) या शब्दाचं ‘बझिझ’ मात्र फसवं रूप आहे. ते अनेकवचनी नामही असतं आणि ‘द बी बझिझ’मधलं क्रियापदही.

खरी गंमत क्रियापदातच आहे. ‘द ट्रेन रम्बल्ड पास्ट’मध्ये ‘गेली’ असा शब्दच नाही. आवाज आणि गती दोन्ही एकाच क्रियापदात येतात. मराठीत ‘धडधडत गेली’ असंच म्हणावं लागतं.