आधी खोली, मग माणसं

प्रिय मुली,

तुझं माजघराचं चित्र पोचलं. आजी आणि तिच्या मांडीवरची फणीची पेटी तू जीव ओतून रंगवली आहेस. पण आजी बसली आहे ती जागाच तिथे नाही. फरशी तिच्याखालून घसरते, कडीपाटाच्या तुळया भलतीकडेच धावतात. चौकातला उजेड माजघरात न शिरता थेट तिच्या चेहऱ्यावर पडलाय. हे चित्र दुरुस्त करत बसू नकोस. भिंतीकडे तोंड करून ठेव आणि तीन महिने एका जुन्या चित्राची नक्कल कर.

पीटर द होख हा सतराव्या शतकातला डच चित्रकार. जन्म १६२९चा, रॉटरडॅमचा. नाव झालं ते डेल्फ्टमधल्या अंगणांच्या आणि खोल्यांच्या चित्रांनी. १६६०च्या सुमाराचं त्याचं एक चित्र ऍम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. आई मुलीचं डोकं मांडीत घेऊन उवा बघते आहे. मागे भिंतीत बसवलेला पलंग, शेजारच्या दारातून दिसणारी आतली खोली, तिथला उजेड आणि एक पाठमोरं कुत्रं. आपल्या ओसरीवर रोज दुपारी दिसायचं तेच दृश्य, म्हणून तुझ्यासाठी हेच निवडलं. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून ते मोठ्या आकारात मोफत उतरवून घेता येतं. छापील पानावरून काम करू नकोस. मी पहिली नक्कल पुस्तकातल्या पिवळट छपाईवरून केली आणि महिनाभर तो पिवळेपणाच रंगवत राहिलो.

मूळ चित्र ५२.५ बाय ६१ सेंटीमीटर आहे. तेवढाच कॅनव्हास घे. लहान केलंस तर सावल्यांमधल्या कडा गिळल्या जातात, आणि शिकायच्या आहेत त्या कडाच.

पहिला आठवडा रंगाला हात लावायचा नाही. फरशीच्या सांध्यांच्या रेघा मागे वाढवत ने. त्या जिथे भेटतात तिथे टाचणी टोच. टाचणीला दोरा बांध, दोऱ्याला खडू चोळ, ताणून धर आणि टिचकी मार. सुतार लाकडावर सूत मारतो, अगदी तसं. ही माझी युक्ती नाही. द होखच्याच काळातला डेल्फ्टचा चित्रकार व्हर्मीर, त्याच्या तेराएक चित्रांत अशा टाचणीची भोकं सापडली आहेत; दूधवालीच्या चित्रात ते भोक तिच्या उजव्या हाताच्या वर आहे. द होखच्याही काही चित्रांत आहेत. दोऱ्याने एकदा खोली बांधलीस की तुळया आणि फरशी आपोआप एका घरातल्या होतात.

मग तपकिरी अस्तर, आणि त्यावर नुसती रिकामी खोली. आई नाही, मुलगी नाही, कुत्रंही नाही. पांढरा, पिवळी माती, काव, कच्चा अंबर (मातकट तपकिरी), काळा, थोडा निळा, एवढ्यावर भागव. सगळ्यात उजळ जागा मागच्या खोलीत आहे. पुढच्या खोलीतली एकही भिंत तिच्याइतकी उजळ होता कामा नये. आईच्या मागची भिंत तुला पांढरी वाटेल. कागदाला छोटं भोक पाडून त्यातून बघ, ती करडी निघेल. इथेच तुझा सर्वाधिक वेळ जाईल, जाऊ दे. चुन्याची भिंत सावलीत कशी दिसते हे कळलं, तर तुझ्या माजघराचं निम्मं काम झालं.

माणसं शेवटी. लंडनच्या नॅशनल गॅलरीत द होखचं एक चित्र आहे, दोन पुरुषांसोबत पेला घेऊन उभी असलेली बाई आणि एक मोलकरीण. ती मोलकरीण त्याने रंगवून झालेल्या फरशीवर नंतर काढली. रंग काळाने पारदर्शक होत गेला आणि आज तिच्या घागऱ्यातून फरशी दिसते. मला ते फार आवडतं. माणूस येण्याआधी ती फरशी तिथे होती, पुरी झालेली.

पूर्ण झालेल्या नकलेवर सही करताना मागे 'द होखवरून' असं स्पष्ट लिही.

दरम्यान पावसाळ्याच्या आत एकदा वाड्यात जाऊन ये. टेप घेऊन जा. उंबऱ्याची उंची, कोनाड्याची खोली, दोन तुळयांमधलं अंतर, सगळं मोज. आजी बसते तिथे तूही बस आणि सकाळी नऊला, बाराला, चारला चौकाचं ऊन कुठवर येतं ते फरशीवर खडूने आखून ठेव.

रिकामी खोली झाली की फोटो पाठव. तोवर कुत्र्यालाही आत घेऊ नकोस.

तुझे,
सर