गरोदरपणातला तो रक्तदाब डॉक्टरांना सांगा

प्रिय ताई,

वय ४८, दीड वर्षापासून अनियमित झालेली पाळी, दवाखान्यात दोनदा भरलेला १५२/९४ रक्तदाब, आणि ‘पाळी जाताना असे होतेच, एकदा गोळी लागली की सुटत नाही’ या जाऊबाईंच्या बोलण्यावरून तुम्ही बंद केलेली गोळी, हे सारे तुम्ही सविस्तर लिहिले आहे. मला मात्र पत्राच्या शेवटी ओझरते आलेले वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते. धाकट्या मुलीच्या वेळी आठव्या महिन्यात रक्तदाब वाढला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली आणि बाळंतपण वेळेआधी करावे लागले.

या विकाराला प्रीएक्लाम्प्सिया म्हणतात. बाळंतपणानंतर रक्तदाब उतरतो आणि घरचे तो विसरून जातात. परंतु अशा स्त्रियांना पुढे उच्च रक्तदाब व हृदयविकार होण्याची शक्यता इतरांहून अधिक असते. पन्नाशीच्या रुग्णाला तिच्या बाळंतपणाबद्दल क्वचितच विचारले जाते, याची मला फार खंत वाटते. तेव्हा हे तुम्हीच आपणहून सांगा, आणि जुनी फाईल असल्यास सोबत न्या. मुलीलाही तिच्या गरोदरपणात हे डॉक्टरांना सांगावे लागेल.

जाऊबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. इस्ट्रोजेन या स्त्रियांच्या हार्मोनमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होण्यास मदत होते आणि त्या सैल राहतात. पाळी जाताना ते घटले की वाहिन्या ताठरू लागतात, आणि अनेकींना मीठही पूर्वीसारखे सोसत नाही. पण पाळी पुरती गेल्यावर इस्ट्रोजेन पूर्वपदावर येत नाही, मग रक्तदाब आपोआप उतरेल, ही आशा कशाच्या आधारावर धरायची?

म्हणून उद्याच डॉक्टरांना भेटा, गोळी बंद केल्याचे न लाजता सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू करा. अंगावरून जास्त जाते म्हणून हार्मोनच्या गोळ्या किंवा सांधेदुखीसाठी आयब्युप्रोफेन घेत असाल, तर तेही सांगा, कारण अशा औषधांनी रक्तदाब वाढू शकतो. घरी मोजताना पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा, आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन नोंदी आठवडाभर वहीत लिहा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल, तर ती वाढलेलीच समजतात. पापड-लोणच्यासह दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराच्या आत ठेवा.

छातीत दुखले, बोलणे अडखळले किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर वहीतल्या आकड्यांची वाट न पाहता १०८ ला फोन करा.