एचएसएस टूल लवकर घासून होण्यासाठी ग्राइंडरला कोणतं व्हील लावावं?

सहा इंची बेंच ग्राइंडर, त्यासोबत आलेलं करडं व्हील, आणि अर्ध्या इंचाच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटातून लेथचं टूल घडवायला पाऊण तास, असं तुम्ही लिहिलंय. जाड दाण्याचं व्हील घेऊ का, हा तुमचा प्रश्न. घ्या, पण वेळ खातेय ती बहुतेक ग्रेड.

व्हीलच्या लेबलवर 'ए 36 पी 5 व्ही' असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला 36 म्हणजे दाणा. आकडा लहान तितका दाणा जाड. 'पी' ही ग्रेड, म्हणजे दाणे किती घट्ट धरून ठेवलेत ते. इंग्रजी वर्णमालेत जितकं पुढचं अक्षर, तितकं व्हील कडक. एचएसएसचे बिट विकत मिळतात तेच कडक केलेले, त्यांच्यावर दाण्यांची टोकं पटकन बोथट होतात. मऊ व्हीलमध्ये बोथट दाणा गळून पडतो आणि खालचा धारदार दाणा वर येतो. कडक व्हीलमध्ये तो तसाच अडकून बसतो, व्हीलचा चेहरा चकाकायला लागतो, आणि मग कितीही रेटा, टूल नुसतं तापतं. म्हणून कडक धातूला मऊ व्हील.

दुकानात 'डब्ल्यूए 46 के' मागा, म्हणजे पांढरं अॅल्युमिनियम ऑक्साइड. दुसऱ्या बाजूला शेवटच्या धारेसाठी 80 दाण्याचं लावा. पांढरं व्हील लवकर झिजतं, त्याची तक्रार करायची नाही. हिरवं व्हील कार्बाइडच्या टिपांसाठी असतं, ते इथे नको. डायमंडही नको, तापलेलं लोखंड हिऱ्यातला कार्बन ओढून घेतं. सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड) व्हील एचएसएसला उत्तम, पण एखाद-दुसऱ्या टूलसाठी एवढा खर्च मी तरी करणार नाही.

खरं तर आधी ड्रेसर, म्हणजे व्हीलचा चेहरा खरवडून ताजे दाणे वर आणणारं अवजार, घ्या. तो जुन्याच व्हीलवर फिरवून बघा, थोडा वेळ तरी ते नव्यासारखं कापेल. आणि जिथे बरंच मटेरियल काढायचंय तिथला कोपरा अँगल ग्राइंडरच्या 1 मिमी कटिंग डिस्कने आधीच उडवा. कुठल्याही व्हीलपेक्षा याने जास्त वेळ वाचतो. चष्मा मात्र हवाच.

एचएसएस सुमारे 600 अंशांपर्यंत कडकपणा सोडत नाही, त्यामुळे थोडं निळं पडलं तर घाबरू नका. लालभडक तापलेलं टूल मात्र पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात. साध्या कार्बन स्टीलच्या पटाशीचं उलटं आहे: ती निळी पडली की धार मेली, म्हणून तिला सारखं पाणी दाखवायचं.

नवं व्हील चढवण्याआधी बोटात लटकवून लाकडी मुठीने हलकेच ठोका. टणटणीत आवाज आला तर ठीक, बद्द वाजलं तर तडा आहे, दुकानदाराला परत करा. व्हीलवर लिहिलेला आरपीएम मोटरच्या आरपीएमपेक्षा कमी नसावा. टूल रेस्ट आणि व्हीलमध्ये 3 मिमीपेक्षा जास्त फट ठेवू नका; व्हील झिजेल तशी रेस्ट पुढे सरकवत राहा.