आधी एक जॉब पाडून दाखव

फोन वडिलांचा होता. "मॅडम, पोरगा दीड महिना झाला रात्री धड झोपत नाही. नोकरी सोडतो म्हणतो. मेनफ्रेम का कायसं शिकायला लावलंय." गृहस्थ एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. "मशीन जुनं आहे म्हणून रडतो. आमच्याकडे नवीन पोरांना जुन्याच इंजिनावर बसवायचे की!" मी म्हटलं, त्याला पाठवा, आणि तोवर हे इंजिनाचं त्याला ऐकवू नका.

ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. अडचण मात्र जशीच्या तशी आहे, कारण ती त्याच्या एकट्याची नाही. वर्षाला चार-पाच तरी मुलं तीच घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात.

मुलगा चोवीसचा, मेकॅनिकलचा पदवीधर. कॅम्पसमधून आयटीत लागला, ट्रेनिंग जावाचं झालं आणि प्रोजेक्ट मिळाला तो परदेशी बँकेच्या मेनफ्रेमचा, म्हणजे बँकेचे हिशोब सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकाचा. तिथे कोबोल या जुन्या भाषेतल्या प्रोग्रामांच्या मधोमध असेंबलरची, म्हणजे मशीनच्या अगदी जवळच्या भाषेतली, जुनी रुटीन्स (छोटे प्रोग्राम). बॅचमधली बाकीची पोरं क्लाउडवर गेली. याच्या हातात तीन हजार ओळींचं लिस्टिंग, म्हणजे प्रोग्रामची ओळवार प्रत, पडलं आणि सीनियरचे दोन शब्द, "बघून ठेव". अक्षर न गिरवता मोडीतलं दफ्तर वाचायला बसवल्यासारखं.

"मला हे जमत नाहीये," तो म्हणाला, "आणि जमलं तरी उपयोग काय? हे मेलेलं तंत्रज्ञान आहे."

या दोन वाक्यांकडे मी नेहमी बारकाईने बघते. मी म्हटलं, "मेलेलं नाही." तर तो म्हणाला, "असेल, पण माझ्या डोक्यात शिरत नाही." मग डोक्यात का शिरत नाही ते विचारलं, तर म्हणाला, "अहो, पण शिकायचं कशाला?" दोन भीती एकमेकींच्या पदराआड लपतात. एकीला हात लावला की दुसरी पुढे येते. म्हणून उपयोगाचा प्रश्न मी कागदावर लिहून घेतला, कागद उलटा ठेवला आणि म्हटलं, "हे दोन आठवड्यांनी. आज जमत नाही म्हणजे नेमकं काय जमत नाही, ते दाखव."

समुपदेशनात येण्याआधी मीही या रस्त्याने गेले आहे. १९९८ साली मुंबईच्या सीप्झमध्ये वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना तारखा चुकू नयेत म्हणून चाललेल्या, कामावर होते, दोन आकडी वर्षं शोधत. तेव्हा मलाही कुणी असेंबलर नीट शिकवला नव्हता. त्यामुळे ही केस ऐकताना मी तटस्थ वगैरे नव्हते, हे कबूल करते.

त्याने वहीत पहिली ओळ लिहिली: एसटीएम १४,१२,१२(१३). पाठ होती, पाढ्यासारखी. अर्थ विचारला, तर म्हणाला, "सगळे प्रोग्राम असेच सुरू होतात."

मी सोळा चौकोन काढायला सांगितले, ० ते १५. हे रजिस्टर, प्रोसेसरच्या हाताशी असलेले कप्पे. बोलावलेला प्रोग्राम हेच कप्पे वापरणार, मग बोलावणाऱ्याने त्यात ठेवलेल्या वस्तूंचं काय? म्हणून आल्याआल्या त्याच्या वस्तू त्याच्याच कोठीत नीट ठेवायच्या आणि जाताना परत मांडायच्या. कोठीचा पत्ता १३ नंबरमध्ये असतो. कोठी ७२ बाइटची. पहिले १२ बाइट सोडायचे आणि १४ पासून सुरुवात करायची: १४, १५, मग वळसा घालून ०, १ असं १२ पर्यंत. "किती झाले?" त्याने बोटांवर मोजले. पंधरा. प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ६०. "आणि सोडलेले १२." तो थांबला. "बहात्तर! बरोबर बसतं." मग स्वतःच म्हणाला, "१३ यात नाही, कारण कोठी कुठे आहे हे तोच सांगतो." दीड महिन्यात या विषयात त्याला पहिल्यांदा मजा आली असावी. मला तर चेहऱ्यावर दिसलीच.

खरी गाठ होती यूझिंगची. नव्वद टक्के नवशिके इथेच अडकतात असं मी म्हणेन, अर्थात मोजलेलं नाही. त्याला वाटायचं, यूझिंग *,१२ लिहिलं की १२ नंबरमध्ये पत्ता जातो. जात नाही. मशीन ती ओळ बघतही नाही. ती असेंबलरला, म्हणजे या ओळींचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, दिलेला शब्द आहे: "बाबा रे, प्रोग्राम चालेल तेव्हा १२ मध्ये या जागेचा पत्ता असेल, त्या हिशोबाने अंतरं मांड." पत्ता भरायचं काम वरची बीएएलआर १२,० ही ओळ करते. शब्द दिला आणि पत्ता भरलाच नाही, तरी असेंबलर तक्रार करत नाही. सगळं सुरळीत असेंबल होतं आणि चालवताना आपटतं.

पेठेत पत्ता कसा सांगतात? "मारुतीपासून चौथा वाडा." मारुती म्हणजे बेस, चौथा म्हणजे डिस्प्लेसमेंट. जुन्या सूचनांमध्ये, म्हणजे मशीनला द्यायच्या आदेशांमध्ये, बेस रजिस्टरला ४ बिट आणि अंतराला १२ बिट, म्हणून एका मारुतीपासून फार तर ४०९५ पर्यंतच मोजता येतं. पुढे जायचं तर दुसरा मारुती शोधा. लिस्टिंगमध्ये दोन-दोन बेस का आहेत, हे त्याला तिथे उमगलं. सीनियरला तो हेच विचारायला घाबरत होता.

घाबरण्यावर जरा थांबते, कारण माझ्या मते केसचं मूळ तिथे होतं. ऑफिसात जॉब (मशीनला दिलेलं काम) अबेंड झाला, म्हणजे चालता चालता कोसळला, की मध्यरात्री फोन, कॉल, कुणाची चूक याची चौकशी. अबेंड म्हणजे बोलणी खाणं हेच समीकरण त्याने पाहिलं होतं. त्यामुळे स्वतःहून एकही प्रोग्राम त्याने चालवला नव्हता. नुसता वाचत होता. पोहायला जाऊन काठावर पुस्तक वाचावं तसं.

म्हणून गृहपाठ उलटा दिला. घरच्या लॅपटॉपवर हर्क्युलिस टाकायचं. हा फुकट मिळणारा इम्युलेटर, म्हणजे मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम, आहे, त्यावर एमव्हीएस ३.८ ही आयबीएमची जुनी सिस्टीम चालते. तिच्यात असेंबलरही आहे. दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहायचा आणि तो मुद्दाम पाडायचा. "सॉक सेव्हन आणून दाखव. तो आल्याशिवाय इकडे येऊ नकोस."

एस०सी७, बोलीत सॉक सेव्हन, म्हणजे डेटा एक्सेप्शन. पॅक्ड डेसिमलच्या (एका बाइटमध्ये दोन आकडे दाबून बसवण्याच्या पद्धतीच्या) बेरजेत जे आकडे नाहीतच ते आले, तर मशीन नकार देतं. १२३४५ ही रक्कम पॅक्डमध्ये १२ ३४ ५सी अशी तीन बाइटमध्ये बसते. शेवटचा सी म्हणजे अधिक चिन्ह. एबसिडिक या मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतात मोकळी जागा असते ४०. म्हणजे फील्डमध्ये नुसत्या मोकळ्या जागा राहिल्या तर चिन्हाच्या जागी येतो शून्य, आणि शून्य हे चिन्हच नव्हे. पडणारच.

दहा दिवसांनी आला तो कागदांचा गठ्ठा घेऊन. पडला होता. पण नुसता पाडून थांबला नव्हता. डंपमध्ये, म्हणजे पडताना मशीनने काढलेल्या मेमरीच्या छापात, पीएसडब्ल्यूचा (मशीन कुठवर आलं होतं ते सांगणाऱ्या नोंदीचा) पत्ता ७एफ६सी, प्रोग्रामची सुरुवात ७एफ३८. हेक्समधली (सोळाच्या पायावरची) वजाबाकी ३४. पत्ता पुढच्या सूचनेचा असतो आणि एपी ही पॅक्ड बेरजेची सूचना ६ बाइटची, म्हणून ६ मागे: २ई. लिस्टिंगमध्ये २ई पुढे त्याचीच एपीची ओळ, लाल पेनाने गोल केलेली.

"मॅडम, यात कुठेच 'तुझी चूक' असं लिहिलेलं नाही," तो म्हणाला. हे मी त्याला सांगणार होते. बरं झालं, राहून गेलं.

मग उलटा ठेवलेला कागद सुलट केला. इथे गोड बोलून चालत नाही. निव्वळ असेंबलरच्या जागा थोड्या असतात आणि शहर बदललं की आणखी थोड्या. पण मेलेलंही नाही. आयबीएमची सिस्टीम/३६०, या मेनफ्रेमांची मूळ पिढी, जाहीर झाली ७ एप्रिल १९६४ रोजी. तेव्हाच्या सूचनांवर लिहिलेले प्रोग्राम आयबीएमच्या आजच्या झेड मेनफ्रेमवरही चालतात, म्हणून तर बँका ते टाकत नाहीत. माझा सल्ला एवढाच होता: एकटा असेंबलर घेऊन बसू नकोस. कोबोल, जेसीएल (जॉब चालवायची भाषा), डीबीटू (डेटाबेस) जोडीला घे. डंप वाचता येणं कोबोलमध्येही रोज लागतं. वर्षभराने पुन्हा ठरव, आणि सोडायचंच असेल तर कळलेलं सोड. न कळलेलं सोडलंस तर पुढच्या नोकरीतही तेच प्रश्न तुझ्या पाठोपाठ येतील.

त्याने सीनियरकडे आठवड्याला अर्धा तास मागून घेतला. मिळाला. इतके दिवस मागितलाच नव्हता.

महिन्याभराने पुन्हा वडिलांचा फोन. "मॅडम, अजून दोन-दोन वाजेपर्यंत जागाच असतो. पण आता काय चाललंय विचारलं की सांगतो. काल वहीत चौकोन काढून अर्धा तास मला समजावत होता. मला काही कळलं नाही."

मी म्हटलं, झोपेसाठी एकदा पुन्हा पाठवा.