अर्धं तिकीट म्हणून क्लेम अर्धा होत नाही

प्रश्न (तासगाव, जि. सांगली): नमस्कार वकीलसाहेब, पुण्याहून सांगलीला एसटीने येत होते, साताऱ्याच्या अलीकडे हायवेला मागून डंपरने ठोकलं. उजवं मनगट मोडलं, मिरजेला ऑपरेशन करून प्लेट बसवली. वय 42, घरी ब्लाउज शिवते, महिन्याला सरासरी 12 हजार सुटायचे, आता कात्रीपण धरवत नाही. डंपरच्या इन्शुरन्सकडून आलोय म्हणून एकजण येऊन गेला, म्हणतो 40 हजार घ्या आणि सही करा, तुमचं तिकीट अर्धं होतं म्हणजे क्लेम पण अर्धाच बसणार, वर केस सातारला चालणार, हेलपाटे घालत बसाल. चार महिने झालेत, काय करू?

उत्तर: ताई, आधी एकच, कशावरही सही करू नका. तो माणूस बोलला त्यातलं काहीच खरं नाही. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे ती सरकारची सवलत आहे, भरपाई काय तिकिटाच्या रकमेवरून काढत नाहीत. 75 च्या पुढचे आजोबा फुकट बसलेले असले तरी त्यांचाही हक्क तेवढाच. फक्त त्या मशीनच्या तिकिटावरची शाई काही महिन्यांत उडते, आजच फोटो काढून ठेवा. हरवलं असेल तरी घाबरू नका, पोलिसांच्या कागदात आणि दवाखान्याच्या नोंदीत तुमचं नाव असतंच.

सातारचं पण तसंच. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, कुठेही दावा लावता येतो, म्हणजे तुमचा सांगलीच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात लागेल. मात्र 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात दावा लावायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आलीय. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका, दोन महिने हातात आहेत तेवढ्यात दाखल करा.

चूक डंपरची का एसटीची हे तुम्ही ठरवायचं कारण नाही, तुम्ही सीटवर बसलेल्या प्रवासी. डंपरचा मालक, त्याची विमा कंपनी आणि एसटी महामंडळ सगळ्यांना दाव्यात पार्टी करा. दोघांचीही चूक निघाली तरी पूर्ण रक्कम कुणाही एकाकडून मागता येते, मग त्यांनी आपापसात काय ते बघावं.

आता खरा मुद्दा, पैसे किती. सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचा दाखला मिळेल, समजा 20 टक्के लिहिलं, कंपनीचा वकील तोच आकडा धरून बसणार. पण सुप्रीम कोर्टाने 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सांगितलंय की दाखल्यावरची टक्केवारी वेगळी आणि कमाई किती बुडाली ते वेगळं. शिवणारीचं उजवं मनगट गेलं म्हणजे काय ते कोर्टाला दिसलं पाहिजे. हिशोब असा, 12 हजारांचे वर्षाला 1 लाख 44 हजार, तुमच्या वयाला पुढच्या वाढीचे 25 टक्के धरून 1 लाख 80 हजार, त्याला 14 ने (तुमच्या वयाला कोर्ट धरतं तो गुणक) गुणायचं, झाले 25 लाख 20 हजार. कमाईचं नुकसान 20 टक्के धरलं तर 5 लाख 4 हजार, 40 टक्के धरलं तर 10 लाख 8 हजार. दवाखान्याची बिलं, बसून काढलेले महिने, पुढे प्लेट काढायचा खर्च, सोसलेला त्रास हे सगळं वरून. आणि तो 40 हजार दाखवतोय!

पावत्या नसतात हे मला माहितीय. पण मापांची वही असेल ना? गिऱ्हाइकाचं नाव, माप, कधी द्यायचं ती तारीख. अपघातापर्यंत भरलेली पानं आणि पुढे कोरी, यासारखा पुरावा नाही. फोनवर आलेले पैसे, पासबुक आणि दोन गिऱ्हाइकांची साक्ष जोडा.

चूक कुणाची ते न बघता गंभीर दुखापतीला 2.5 लाख मिळायची पण तरतूद आहे, हाड मोडलं की गंभीरच धरतात. पण ते घेतले की मोठा दावा संपतो, घाईत घेऊ नका. वकिलाची फी जड वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, बायकांना उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. लोकअदालतीत तडजोड करायला हरकत नाही, फक्त तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, आकडा पटला तरच हो म्हणा.

प्रश्न (कराड): खाजगी ट्रॅव्हल्सच्या अपघातात भावाचा पाय मोडला. ड्रायव्हरच्या लायसनची मुदत संपलेली म्हणून विमा कंपनी हात वर करतेय. आमचे पैसे बुडाले का?

उत्तर: नाही. लायसनचा वाद कंपनी आणि गाडीमालकाचा. अशा केसमध्ये कोर्ट बऱ्याचदा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मालकाला पार्टी करायला मात्र विसरू नका, आणि आरसी, परमिट, पॉलिसीच्या कॉपी पोलिसांच्या तपासाच्या कागदातून काढून घ्या.