टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचरमध्ये अदृश्य शास्त्रज्ञाचा सूड कसा रंगवावा?

तुम्ही विचारलंय की अदृश्य होऊन सूड उगवणाऱ्या शास्त्रज्ञावर टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर, म्हणजे चित्रांशिवाय नुसत्या मजकुरावर चालणारा गेम, लिहायचं, तर खेळाडूला शास्त्रज्ञ करावं की त्याचा माग काढणारा पोलीस, आणि बनवायला इन्फॉर्म घ्यावं, जिथे खेळाडू आज्ञा टाइप करतो, की ट्वाइन, जिथे तो समोरचे पर्याय निवडतो.

शास्त्रज्ञच करा. यावर चर्चासुद्धा नको.

असाच गेम मी एका मित्राबरोबर लिहायला घेतला होता. त्याचा हट्ट पोलिसाचा. म्हणे, "चित्रं नाहीत तिथे सगळेच अदृश्य. 'तू दिसत नाहीस' असं सांगून खेळाडूला काय वेगळं वाटणार?" ऐकायला बिनतोड. पण त्याच्या कच्च्या आवृत्तीत शास्त्रज्ञ म्हणजे अधूनमधून येणारी एखादी ओळ: दार आपोआप उघडलं, खुर्ची सरकली, डोक्यात काहीतरी बसलं. खेळाडूच्या हातात काहीच नाही, फासे पडतील तसं व्हायचं.

मी माझी आवृत्ती वेगळी केली आणि एकच नियम धरला: शरीर दिसत नाही, बाकी सगळं दिसतं. आता हे गेम खेळणाऱ्यांना सत्तरच्या दशकातल्या 'अ‍ॅडव्हेंचर' आणि 'झॉर्क'पासून खोड आहे, समोर येईल ती वस्तू उचलायची. माझ्याकडे कंदील उचलला की पहारेकऱ्याला हवेत तरंगणारा कंदील दिसायचा. चाचणीला बसवलेला एकजण किल्ली, दोरी, सुरी असा सगळा बाजार घेऊन थेट शत्रूच्या दिवाणखान्यात शिरला आणि लगेच सापडला. आधी चिडला, मग हसत सुटला, मग सगळं टाकून नागडा परत गेला, कारण कपडेही दिसतातच. मित्र शेजारीच होता. तरी म्हणाला, "हे कोडं झालं, भीती कुठाय?" अरे, सूड घ्यायला निघालेल्या माणसाला हत्यार हातात धरता येत नाही, यापेक्षा वेगळं काय हवं?

एच. जी. वेल्सच्या १८९७च्या 'द इन्व्हिजिबल मॅन' कादंबरीत असा मालमसाला भरपूर आहे: खाल्लेलं अन्न पचेपर्यंत पोटात दिसतं, अंगावर बर्फ साचलं की आकार उघडा पडतो, पायाला चिखल लागला की ठसे उमटतात. यातलं एकेक घेऊन नियम करा. वर्णनं लिहीत बसू नका.

सॉफ्टवेअर म्हणाल तर इन्फॉर्म. हातात काय आहे हे तपासणारा नियम एकदा लिहिला की सगळ्या वस्तूंना लागू होतो. ट्वाइनमध्ये पर्याय तुम्हीच समोर मांडता, मग वस्तू उचलायचा मोह कसला? मात्र आज्ञा मराठीत हव्या असतील तर इन्फॉर्मचा पार्सर, म्हणजे टाइप केलेली आज्ञा समजून घेणारा भाग, मुळात इंग्रजीचा आहे. 'खोका' आणि 'खोक्यात' ही एकच वस्तू हे त्याला तुम्हालाच शिकवावं लागेल. तेवढी चिकाटी नसेल तर गुपचूप ट्वाइन घ्या.

आणि हो, डोळ्याचा पडदा पारदर्शक झाला तर त्यावर प्रकाश शोषला जाणार नाही, म्हणजे तुमचा शास्त्रज्ञ खरं तर आंधळा. कोणीतरी हे काढणारच. दुर्लक्ष करा. माझ्या मित्राने यावर अख्खी संध्याकाळ घालवली होती, आणि त्याचा पोलीस अजून पहिल्याच खोलीत उभा आहे.